अर्धा पासवर्ड

१

महिन्यातून दोन गुरुवारी, दुपारी चारच्या सुमाराला, गोखिवऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात दोन मोठी माणसं पाळीपाळीनं भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. खाली पत्र्याचे डबे करणारा कारखाना, शेजारी प्लास्टिकच्या बरण्या, आणि वर हा प्रकार. चहावाला एकदा मधेच आत आला आणि ट्रे दारातच ठेवून मुकाट्यानं निघून गेला.

हसण्यासारखं होतं खरं, पण त्याला कारण होतं. 'वेळेवर' नावाचं एक ॲप, एवढाच त्या गाळ्याचा संसार. म्हाताऱ्या माणसांना गोळीची आठवण करून देणारं साधं ॲप. वेळ झाली की घंटा वाजायची आणि पडद्यावर गोळीचं नाव यायचं. ज्येष्ठ नागरिक संघांतून, चर्चच्या मंडळांतून, तोंडोतोंडी पसरत वसईपासून पालघरपर्यंत अकरा हजार फोनांत ते जाऊन बसलं होतं. त्यात काही दुरुस्ती केली की ते पुन्हा स्टोअरवर चढवायचं, आणि चढवण्याआधी त्यावर सही करायची. ही सही पेनाची नव्हे. एका पेनड्राइव्हवर एक फाइल होती, तिला सगळे किल्ली म्हणत. किल्लीचा पासवर्ड दिला की ॲपवर ठसा उमटे. तो ठसा बघून अकरा हजार फोन मान्य करत, की हे आपल्याच माणसाकडून आलंय, येऊ द्या आत. ठसा नसेल तर फोन ढुंकूनही बघत नसत.

मालकीण लतिका मॅडमचं आधीचं एक ॲप भागीदारानं किल्लीसकट पळवलं होतं. तेव्हापासून त्यांनी नियम घातला. किल्ली एकाच पेनड्राइव्हवर राहील, तो गाळ्याबाहेर न्यायचा नाही आणि तिची प्रत कुणी काढायची नाही. पासवर्डचा पहिला अर्धा ॲप लिहिणाऱ्या अश्लेषाला ठाऊक, दुसरा अर्धा तिच्या शेजारी काम करणाऱ्या कौस्तुभला, आणि एक टाइप करत असताना दुसऱ्यानं भिंतीकडे तोंड करायचं. दसऱ्याला लॅपटॉपांबरोबर त्या पेनड्राइव्हलाही हळदकुंकू वाहिलं जायचं, त्यामुळे त्याचं टोपण कायमचं पिवळं झालं होतं.

अश्लेषानं पाच वर्षं तो नियम पाळला. आपला अर्धा भाग टाकायचा, "झालं" म्हणायचं, उठून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करायचं. पाठीमागे कौस्तुभचा तो दणकट जुना कीबोर्ड खडखडायचा. चार कळा, जरा दम, पाच कळा, मग एंटरवर एक गुद्दा. "झालं." मगच वळायचं.

गणपतीनंतर दहा दिवसांनी कौस्तुभ कामणजवळ ट्रेलरखाली आला. त्याची बहीण उन्नती येऊन त्याची बॅग, चहाचा मग आणि तो कीबोर्ड घेऊन गेली. दसऱ्याला पेनड्राइव्हवर हळद वाहताना अश्लेषाला रडू आवरलं नाही. दुसरा अर्धा भाग कुठे आहे, हे विचारायचं मात्र त्या दिवशी कुणालाच सुचलं नाही.

२

सुचलं ते दिवाळी उलटल्यावर. फोनांमध्ये नवी सिस्टिम आली आणि तिनं न वापरलेली ॲपं झोपवून टाकायला सुरुवात केली. म्हातारी माणसं ॲप उघडतात कशाला? ती घंटेची वाट बघतात. घंटा वाजेना. पहिल्या दोन दिवसांत साठ तक्रारी आल्या, तिसऱ्या दिवशी दोनशे.

त्यातली एक तक्रार अश्लेषाच्या घरातली होती. तिचे वडील आत्माराम, वय चौऱ्याहत्तर, वसई कोर्टातून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून बापलेक दोघंच राहत होते. त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी होती, रोज संध्याकाळी सात वाजता, एक. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की चुकली तर गुठळीची भीती आणि दोनदा घेतली तर रक्तस्रावाची. आणि आत्मारामांना सकाळचा चहा घेतला की नाही, हेही हल्ली आठवत नसे. खरं सांगायचं तर ते ॲप अश्लेषानं लिहिलं होतं ते त्यांच्यासाठीच. बाकीचे दहा हजार नऊशे नव्व्याण्णव मागून आले.

दुरुस्ती तिनं एका दिवसात केली. अडलं सहीपाशी.

"तुला त्याचा अर्धा माहीत असेलच की," लतिका मॅडम म्हणाल्या. "पाच वर्षं शेजारी बसलीस."

"मी भिंतीकडे बघत होते, मॅडम."

"एकदाही चोरून पाहिलं नाहीस?"

"नाही."

"इतकी प्रामाणिक माणसं मलाच बरी भेटतात!" लतिका मॅडमनी कपाळाला हात लावला. "त्याला किती वेळा म्हटलं होतं, पाकिटात घालून दे माझ्याकडे. देतो, देतो म्हणत गेला तो."

"नव्या किल्लीनं नवं ॲप काढू."

"आणि अकरा हजार म्हाताऱ्यांना सांगणार, की जुनं काढा आणि नवं टाका? नातवानं एकदा फोनात टाकून दिलंय त्यांना. नातू परत अमेरिकेला गेला."

उन्नतीला विचारून झालं. तिनं घरभर शोधलं, काही सापडलं नाही. अश्लेषानं कौस्तुभचा वाढदिवस, बाइकचा नंबर, त्याच्या आवडत्या मिसळवाल्याचं नावसुद्धा लावून पाहिलं. नऊ कळा होत्या, एवढंच तिला कानानं माहीत होतं, आणि त्या नऊ कळांत काय काय बसू शकतं याचा हिशेब तिच्या आयुष्यात संपणार नव्हता.

३

गुरुवार आला. लतिका मॅडम विरारला एका वकिलाकडे गेल्या होत्या. खाली डब्यांच्या कारखान्यात वीज गेली म्हणून यंत्रं बंद पडली होती आणि गाळ्यात कधी नव्हे इतकी शांतता होती.

चारला पाच कमी असताना अश्लेषानं पेनड्राइव्ह लावला. पासवर्ड मागणारी रिकामी ओळ समोर आली. तिनं आपला अर्धा भाग टाकला. पुढे काय करायचं ते तिला कळेना. डोळे भरून आले, आणि सवयीनं तिच्या तोंडून निघालं, "झालं."

सवयीनंच ती उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. वेडेपणाच होता. तिलाही तो कळत होता. पण कॅलेंडरवरची नोव्हेंबरची चौकट बघत दोन मिनिटं रडून घ्यायला त्याहून बरी जागा त्या गाळ्यात नव्हती.

पाठीमागे कळ वाजली.

चार कळा. जरा दम. पाच कळा. एंटरवर गुद्दा.

ती वळली नाही. "झालं" ऐकल्याशिवाय वळायचं नाही, हे पाच वर्षांत अंगात इतकं मुरलं होतं की मान वळेचना. "झालं" कुणीच म्हणालं नाही. पंखा बंद, कारखाना बंद. रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. शेवटी ती हळूहळू वळली.

खुर्ची रिकामी होती. पडद्यावर सही झाल्याचा संदेश होता.

अश्लेषा पायरीवर जाऊन बसली. तिनं स्वतःशी वाद घातला. आपणच टाइप केलं असणार. शंभरावर वेळा ऐकलेला ताल हातांत उतरला असणार, दुःखात माणूस काय वाट्टेल ते करतो आणि विसरतो. पटण्यासारखं होतं. एकच गोष्ट बसत नव्हती. लॅपटॉपची बटणं मऊ होती, त्यांचा आवाज हातभर अंतरावरही येत नसे. तिनं ऐकला होता तो कौस्तुभच्या कीबोर्डचा खडखडाट, आणि तो कीबोर्ड उन्नतीच्या घरी होता.

पण मग तिला वाटलं, असेना का. कौस्तुभच असेल तर असू दे. अडल्यावेळी धावून येणाराच होता तो. तिनं डोळे पुसले, आत जाऊन ॲप स्टोअरवर चढवलं आणि लतिका मॅडमना फोन केला, "जमलं."

"म्हणजे पाहिलं होतंस!" लतिका मॅडम हसल्या. "बरं झालं बाई."

त्या संध्याकाळी सात वाजता आत्मारामांच्या फोनात घंटा वाजली. अश्लेषानं देवापुढे दिवा लावला, तसा मनात कौस्तुभलाही नमस्कार केला.

४

घंटा वाजली, पण काही फोनांत ती दोनदा वाजू लागली. सातला एकदा आणि सव्वासातला पुन्हा. एका आजोबांनी दोनदा गोळी घेतली आणि त्यांना रात्र दवाखान्यात काढावी लागली. चूक अश्लेषाची होती, घाईत राहून गेलेली एक ओळ. तिनं ती लगेच दुरुस्त केली. पुन्हा सही हवी होती.

या वेळी लतिका मॅडम केबिनमध्ये होत्या, दार लोटलेलं. अश्लेषानं आपला अर्धा टाकला, हलक्या आवाजात "झालं" म्हटलं आणि भिंतीकडे वळली. येतोय की नाही, याची भीती होती, आणि येईल याची त्याहून जास्त.

चार कळा. दम. पाच कळा.

एंटर वाजलं नाही. कळा पुढे वाजतच राहिल्या.

कुणीतरी काहीतरी लिहीत होतं. सावकाश, न थांबता, एकसारखं. कौस्तुभ कधीच असं टाइप करत नसे. तो दोन बोटांनी झोडपायचा, मधे थांबायचा, शिव्या घालायचा. हे लिहिणाऱ्याला काय लिहायचं ते पाठ होतं. अश्लेषा कॅलेंडरवरच्या तारखा मोजत राहिली. एकदा, दोनदा. मानेवर घाम आला. वळू का? वळलं आणि सही अर्धीच राहिली तर आज रात्री आणखी कुणी दवाखान्यात जाईल. तिसऱ्यांदा तीसपर्यंत पोचली तेव्हा एंटर वाजलं. गुद्दा नव्हता तो. हळूच दाबलं होतं.

वळल्यावर तिनं आधी केबिनचं दार उघडलं. "मॅडम, आत्ता आवाज आला का तुम्हाला? टायपिंगचा?"

"कसला आवाज? खाली डबे बडवताहेत तोच येतोय सकाळपासून."

ॲपचं वजन पाहिलं तर ते थोडं वाढलं होतं. एक ओळ बदलल्यावर वाढावं त्यापेक्षा जास्त. तिनं आपलं लिखाण ओळीनं ओळ तपासलं, त्यात परकं काही नव्हतं. असं कधीकधी होतं, बांधणी करणारं सॉफ्टवेअरच बदललेलं असतं. तिनं स्वतःला तसं समजावलं, आणि सात वाजायच्या आत ॲप चढवून टाकलं.

५

"तुझं ॲप आता छान बोलतं गं," रविवारी जेवताना आत्माराम म्हणाले.

अश्लेषाचा घास हातात राहिला. "बोलतं?"

"घंटेपेक्षा बरं. घंटेनं दचकायला व्हायचं. हा हळू बोलतो. समंजस माणूस आहे."

"बाबा, त्यात आवाज नाहीये. नुसती घंटा आहे."

"मग मला काय भास होतात?" आत्माराम चिडले. हल्ली त्यांना विसराळू म्हटलेलं खपत नसे. "रेजिनाबाईंनाही बोलतो. परवा खाली भेटल्या तेव्हा त्याच म्हणाल्या, आपल्याला शोधाशोध करावी लागत नाही आता."

रेजिना आंटी समोरच्या विंगेत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मुलगा लेस्ली कुवेतला. ॲप त्यांच्या फोनात अश्लेषानंच टाकून दिलं होतं.

तिनं वडिलांचा फोन घेतला, उलटसुलट तपासला. स्वतःसमोर घंटा वाजवून पाहिली. घंटाच वाजली. स्वयंपाकघरात जाऊन गोळ्यांची डबी पाहिली. प्लास्टिकची चौदा खणांची डबी, दोन आठवड्यांच्या गोळ्या तिनंच भरलेल्या, प्रत्येक खणाला झाकण. झाकलेल्या खणांत एकेक गोळी, जितक्या हव्या तितक्याच. सगळं जागच्या जागी होतं.

कान गेलेत बाबांचे, तिनं मनाशी म्हटलं. टीव्हीचा आवाज असेल. शेजारचा रेडिओ असेल. रेजिना आंटींचं काय, त्या तर देव्हाऱ्यातल्या मेरीशीही बोलतात.

सोमवारी सात वाजता तिनं ऑफिसातून फोन केला. आत्मारामांनी उचलला, पण बोलले ते कुजबुजत. "आत्ता नको. मी भिंतीपाशी आहे."

"कुठे आहात?"

फोन कट झाला. दहा मिनिटांनी त्यांनीच केला आणि आठवडी बाजारात मिळालेल्या वालाच्या शेंगांबद्दल बोलत बसले. भिंतीचं विचारलं तर म्हणाले, "कसली भिंत?"

६

मंगळवारी संध्याकाळी उन्नती आली. तिच्या हातात कापडी पिशवी होती.

"अश्लेषाताई, दादाची वही सापडली. गाडीच्या डिकीत होती, पोलिसांनी आत्ता दिली. आणि हा कीबोर्ड तूच ठेव. घरी बघवत नाही आईला."

कीबोर्ड धुळीनं भरला होता. दोन महिने त्याला कुणी हात लावलेला नव्हता. अश्लेषानं तो टेबलावर ठेवला आणि वही उघडली. शेवटच्या पानावर कौस्तुभच्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं: 'माझा अर्धा.' त्याखाली चार इंग्रजी अक्षरं, पाच आकडे.

"हे मी आहे," उन्नती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "उन्नू. आणि हे आमच्या जुन्या लँडलाइनचे शेवटचे पाच."

चार, दम, पाच. अश्लेषाला इतकं बरं वाटलं की तिनं उन्नतीला मिठीच मारली. आता भिंतीकडे तोंड करायला नको. तिनं तिथल्या तिथे पेनड्राइव्ह लावला, आपला अर्धा टाकला, आणि पुढे कौस्तुभचा अर्धा, बघून बघून, एकेक कळ.

चुकीचा पासवर्ड.

पुन्हा. चुकीचा पासवर्ड. तिसऱ्यांदा उन्नतीनं वाचून दाखवला. तेच.

मग अश्लेषाला सुचलं आणि तिनं फाइलची तारीख पाहिली. किल्ली पाच वर्षांपूर्वी बनली होती आणि त्यानंतर तिच्यात कुणी काही बदलायचं कारण नव्हतं. शेवटचा बदल मात्र दुसऱ्या सहीच्या दिवशीचा होता, दुपारी चार वाजून एकोणीस मिनिटं. ती तारखा मोजत भिंतीपाशी उभी होती तीच वेळ.

लिहिणारा त्या वेळात कुलूप बदलत होता. पहिल्यांदा त्यानं कौस्तुभचा अर्धा वापरला, दुसऱ्यांदा स्वतःचा घातला. आता दुसरा अर्धा जगात एकालाच माहीत होता, आणि तो कौस्तुभ नव्हता.

"ताई, काय झालं? पांढरी पडलीस."

"काही नाही. तू घरी जा, उन्नती. आईपाशी थांब." तिनं घड्याळ पाहिलं. सहा वाजून दहा मिनिटं. तिनं पेनड्राइव्ह आणि लॅपटॉप पिशवीत कोंबले, लतिका मॅडमचा नियम आयुष्यात पहिल्यांदा मोडला, आणि रिक्षा पकडली.

७

सातच्या ठोक्याला तीन मिनिटं कमी असताना तिनं आपल्या किल्लीनं दार उघडलं. हॉलमध्ये अंधार होता. स्वयंपाकघरात दिवा.

आत्माराम फ्रिज आणि खिडकीच्या मधल्या भिंतीकडे तोंड करून उभे होते. नाक भिंतीपासून वीतभर. डावा हात कमरेवर, आणि उजवा हात पाठीमागे, तळवा वर करून पसरलेला, प्रसाद घेतात तसा.

"बाबा."

"शू. झालं म्हणाला नाही अजून."

तो शब्द त्या गाळ्यातला होता. घरी तिनं तो नियम कधीच सांगितला नव्हता.

डबी ओट्यावर होती, झाकणं लावलेली. सकाळीच तिनं ती नव्यानं भरली होती. ओट्यापाशी कुणी नव्हतं. ती डबीवर नजर लावून उभी राहिली. फोनात घंटा वाजली नाही. काही बोललंही नाही कुणी. सात वाजले. सात वाजून एक. काहीच घडेना, आणि तिला वाटलं, बघत राहिलं तर काहीच घडणार नाही. बघत राहायचं, बस्स.

मग खिडकीतून समोरची विंग दिसली, आणि तिची नजर एका क्षणापुरती तिकडे गेली. तिसऱ्या मजल्यावर रेजिना आंटींच्या स्वयंपाकघरात दिवा होता. आंटी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. हात पाठीमागे, तळवा उघडा. पाचव्या मजल्यावर कुणी आजोबा, तसेच. तळमजल्यावर आणखी एक.

पाठीमागे डबीचं झाकण उघडलं. टक. दुसरं. तिसरं. चौथं. जरा दम. मग आणखी पाच.

खिडकीच्या काचेत तिला आपला चेहरा दिसला, वडिलांची पाठ दिसली, आणि दोघांच्या मधे ओट्यावर वाकलेली आणखी एक पाठ दिसली. ती सरळ होऊ लागली होती.

अश्लेषा किंचाळून वळली. ओट्यापाशी कुणी नव्हतं. डबीचे नऊ खण उघडे होते, रिकामे. नऊही गोळ्या आत्मारामांच्या तळहातावर होत्या.

"झालं म्हणाला," आत्माराम समाधानानं म्हणाले, आणि हात तोंडाकडे नेला.

तिनं झडप घालून मनगट धरलं. गोळ्या फरशीवर उधळल्या. ते तिच्यावर ओरडले, तिनं त्यांना तसंच ओढत खुर्चीत बसवलं, तोंडात बोट घालून पाहिलं. तोंड रिकामं होतं. ती त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून हुंदके देऊ लागली आणि ते बावचळून तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

"अगं, रोज एकच देतो तो," ते म्हणाले. "आज जास्त दिल्या खऱ्या. असेल काही कारण."

८

रेजिना आंटींचा फोन वाजत राहिला. समोरच्या खिडकीत त्यांच्या टेबलावर तो उजळलेला तिला दिसत होता. आंटी वळल्या नाहीत. त्यांचा पाठीमागचा हात सावकाश पुढे गेला आणि तोंडाशी थांबला. अश्लेषानं खिडकीतून हाका मारल्या. वॉचमनला फोन करून तिसऱ्या मजल्यावर पिटाळलं, रुग्णवाहिकेला फोन केला. मग लतिका मॅडमना.

"ॲप स्टोअरवरून काढा. आत्ताच्या आत्ता."

"काढते, पण झालं काय? आणि काढून काय होणार? फोनात बसलंय ते थोडंच जातं?"

ते अश्लेषालाही ठाऊक होतं. फोनातलं ॲप मुकं करायचं तर एकच रस्ता होता. रिकामं, काहीही न करणारं नवं ॲप चढवायचं, आणि फोनांनी ते आत घ्यावं म्हणून त्यावर त्याच किल्लीची सही करायची. सातच्या गोळीवाले हजारभर होते. आठच्या गोळीवाले चार हजार.

रिकामं ॲप बनवायला पंचवीस मिनिटं लागली. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, पिवळ्या टोपणाचा पेनड्राइव्ह. खाली रुग्णवाहिका आली, तिच्या दिव्याची लाल तिरीप छतावरून फिरत राहिली. अश्लेषानं आपला अर्धा टाकला. या वेळी ती उठली नाही. डोळे फाडून पडद्याकडे बघत बसली. या वेळी मी बघणार, ती मोठ्यांदा म्हणाली. लिही माझ्यासमोर.

पासवर्डची ओळ लुकलुकत राहिली. साडेसात झाले. पावणेआठ. तिनं कौस्तुभचा अर्धा टाकून पाहिला, उलटा टाकून पाहिला. चुकीचा पासवर्ड. आठला दहा कमी.

"तो समोर नाही लिहिणार," आत्माराम खुर्चीतून म्हणाले, लहान मुलाला सांगावं तसं. "लाजतो तो."

आठला सात कमी. चार हजार माणसं. त्यांतली कितीतरी तिनं स्वतः संघांत जाऊन, हात धरून, ॲप टाकून दिलेली.

ती उठली. तिनं वडिलांना खुर्चीतून उठवलं, भिंतीपाशी नेलं, त्यांचा उजवा हात आपल्या हातात घट्ट धरला, बोटांत बोटं अडकवून.

"बाबा, काहीही झालं तरी वळायचं नाही. आणि हात सोडायचा नाही."

"मला सवय आहे," आत्माराम म्हणाले.

तिनं भिंतीकडे तोंड केलं. रंगाचा एक पोपडा निघाला होता, त्याच्यावर नजर ठेवली.

"झालं," ती म्हणाली.

मागे खुर्ची सरकली. चार कळा. जरा दम. पाच कळा.

एंटर दे, अश्लेषा मनात म्हणत होती. एंटर दे, एंटर दे. कळा वाजतच राहिल्या, सावकाश, एकसारख्या. वीस, तीस, चाळीस. रिकाम्या ॲपात काहीतरी भरलं जात होतं आणि तिची सही त्याची वाट बघत होती. हॉलमधल्या घड्याळाचा आठचा पहिला ठोका पडला.

तिच्या हातातला वडिलांचा हात ऊबदार होता आणि तिनं तो सोडला नाही. पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला दिसलं, त्यांचा डावा हात कमरेवरून निघाला, हळूच पाठीमागे गेला, आणि तळवा उघडला.